खाली काही दुखतंय का?

"तू विचार ना त्याला. मला नाही जमणार," ताई म्हणाली. मग जवळपास कोणी नसतानाही उगाच आवाज बारीक करून म्हणाली, "तू मामा आहेस त्याचा." मी तेव्हा मेनरोडला एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात हेल्मेट घेऊन उभा होतो. भाच्याला गालफुगी झाल्याचं दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. बारावीचं वर्ष, पूर्वपरीक्षा तोंडावर, त्यात हे. ताईला त्याच्या गालांची काळजी नव्हती. गाल काय, आठवड्यात उतरतात. काळजी दुसऱ्या जागेची होती आणि त्या जागेचं नाव फोनवर, स्वतःच्या सख्ख्या भावाशी बोलतानाही तिला घेता येत नव्हतं. "ते खाली उतरतं म्हणतात रे मोठ्या मुलांना," एवढं म्हणून ती थांबली. मी "बरं, येतो संध्याकाळी" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की नाव मलाही घेता येत नाही.

सिडकोत तिच्या घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात शब्द लावून पाहिले. 'अंडकोष' म्हणायचं तर नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून बोलल्यासारखं वाटतं. ते पान आमच्या सरांनी "घरी वाचा" म्हणून उलटलं होतं. बाकीचे जे शब्द आम्हा पुरुषांना येतात ते सगळे शिव्यांत वापरून इतके गुळगुळीत झालेत की दुखण्यासाठी ते उरलेच नाहीत. राहता राहिलं 'खाली'. मराठी माणसाची निम्मी शरीररचना या एका शब्दात बसते. पाळी असो, मूळव्याध असो, हर्निया असो, सगळं 'खाली'.

जानेवारीची थंडी होती. भाचा कानटोपी घालून, गळ्याभोवती आईची शाल गुंडाळून पलंगावर बसला होता. चेहरा असा की चटकन ओळखू येऊ नये. कानाच्या पुढून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडे गोळे आलेले, त्यामुळे कानाच्या पाळ्या वर उचलल्यासारख्या झालेल्या आणि मान जवळपास नाहीशी. स्वयंपाकघरात ताई आमटीला चिंचेचा कोळ घालत होती. त्याचा वास बाहेर आला तसा हा कळवळला आणि दोन्ही हातांनी जबडा धरला. आंबटाच्या नुसत्या वासानंही तोंडाला पाणी सुटतं, आणि ते पाणी जिथून सुटतं त्या ग्रंथीच सुजलेल्या. "मामा, मिसळ किती दिवस बंद?" त्यानं विचारलं. नाशिकच्या पोराला आजारपणात पहिला प्रश्न हाच पडायचा. त्याच्यासाठी मऊ भात आणि मुगाचं वरण होतं, त्याकडे तो तुरुंगातल्या कैद्यासारखा बघत होता.

मी दार लोटलं, खुर्ची ओढली आणि विचारलं, "खाली काही दुखतंय का?"

"खाली म्हणजे? पाय?"

मी म्हटलं, "नाही, पाय नाही." मग दोघंही गप्प. त्याला समजलं असावं, कारण तो मोबाइलकडे बघत "नाही" म्हणाला. मी "काही वाटलं तर सांग" म्हणून बाहेर आलो. ताईनं डोळ्यांनीच विचारलं, मी मान हलवली. काम झालं होतं. पण गाडी सुरू करताना मला मामा आठवला. मी ज्याचा मामा आहे तो नव्हे, माझा मामा.

मामाची निफाड तालुक्यात द्राक्षाची बाग होती. तो कॉलेजला नाशिकला होता, पंचवटीत खोली घेऊन राहायचा. १९७४ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याला गालगुंड झालं तेव्हा तो एसटीनं गावी आला आणि आजीनं त्याच्या गालांना गेरूचा लेप लावून, वरून फडकं बांधून ओसरीत निजवलं. हे मी आईकडून ऐकलंय. आई तेव्हा दहावीत होती आणि तिला ही गोष्ट विनोद म्हणून आठवायची. दादाचं तोंड कसं मारुतीसारखं दिसत होतं, गावातली पोरं खिडकीतून डोकावून कशी पळायची. गोष्टीचा शेवट ठरलेला होता. गाल उतरले, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि मग पुन्हा ताप भरला. मामा दोन दिवस ओसरीवरून उठला नाही आणि उठला तेव्हा बदकासारखा फेंगडा चालत होता. आई चालून दाखवायची आणि आम्ही पोरं खो खो हसायचो. बदकासारखं का, हे आम्ही विचारलं नाही आणि बहुधा आईलाही तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आजीला माहीत होतं. तिनं तेवढ्यापुरतं मामाला एक घट्ट लंगोट शिवून दिला म्हणे. डॉक्टर आजही आधार द्या, बर्फानं शेका, वेदनाशामक घ्या, पडून राहा एवढंच सांगतात, म्हणजे म्हातारीचा इलाज फारसा चुकला नव्हता. या विषाणूला मारणारं औषध अजूनही नाही.

पुढचं मी त्या रात्री घरी येऊन वाचलं. आजवर का वाचलं नव्हतं याला उत्तर नाही. वयात येण्याआधी, मिसरूड फुटायच्या आत हा आजार झाला तर तो सहसा गालावरच निभावतो. वयात आल्यावर, लस न घेतलेल्या मुला-पुरुषांपैकी शंभरात १५ ते ३० जणांना अंडकोषाला सूज येते. ती बहुतेकदा गाल सुजल्यानंतर चार ते आठ दिवसांनी येते, कधी आणखी उशिरा. म्हणजे गाल उतरायला लागून घरचे निर्धास्त होतात नेमक्या तेव्हाच. बहुतेकांना एकाच बाजूला येते. ज्यांना येते त्यांच्यातल्या निम्म्यांपर्यंत लोकांचा तो अंडकोष नंतर थोडाफार आक्रसतो, पण दुसरी बाजू धड असते आणि मूल व्हायला ती पुरते. दोन्ही बाजू सुजल्या तर प्रश्न गंभीर. तरीही बीज पूर्ण नाहीसं होणं विरळाच. गालगुंड झालं म्हणजे पोरगा कामातून गेला, हे जे पारावर बोललं जातं ते खरं नाही. आणि काही होत नाही हेही खरं नाही. मला वाटतं आपल्याला या दोन्हींच्या मधलं काही नीट सांगता येत नाही, म्हणून आपण एक तर हसतो नाही तर कुजबुजतो.

तिथंच एवढं नुकसान का होतं, हे समजायला मला आजीची पुरचुंडी आठवावी लागली. गाल सुजतो तो बाहेरच्या बाजूला सुजतो, कातडी ताणली जाते, माणूस विद्रूप दिसतो पण जागा मिळते. अंडकोषाभोवती मात्र एक पांढरं, चिवट आवरण असतं, ते ताणलं जात नाही. हरभरे फडक्यात गच्च बांधून भिजत घातले तर फुगायला जागा न मिळाल्यानं ते एकमेकांना चेचतात, तसं आत होतं. सूज आतल्या आत दाबत राहते, रक्तपुरवठा अडतो आणि ज्या बारीक नळ्यांत बीज तयार होतं त्या मरतात. पुरुषाचं संप्रेरक बनवणाऱ्या पेशी मात्र त्यातून बऱ्याचदा तगून जातात. म्हणून दाढी येते, आवाज फुटलेला राहतो, संसार व्यवस्थित चालतो. बाहेरून काही कळत नाही. माझ्या मामाच्या मिशा तर अशा होत्या की आजूबाजूच्या गावांत त्या मिशांवरून त्याला ओळखायचे. अशा माणसात काही कमी असेल असं कोणाच्या मनात तरी कसं येणार?

मामाचं लग्न १९७९ साली झालं. मूल झालं नाही.

मग जे व्हायचं ते मामीचं झालं. पिंपळगावच्या, मग नाशिकच्या दवाखान्यात तिचं तीनदा क्युरेटिंग झालं, म्हणजे भूल देऊन गर्भपिशवी आतून खरवडणं. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडायची हे मला अंधूक आठवतं, कारण तेव्हा आम्हाला त्या खोलीत जायची मनाई असायची. वणीच्या गडाच्या पायऱ्या तिनं किती वेळा चढल्या याचा हिशेब नाही. त्र्यंबकला दोघांनी तीन दिवस बसून नारायण नागबळी केला. आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला ती नेमानं यायची. राघोबादादा आणि आनंदीबाईंनी मुलासाठी त्याला नवस केला होता असं सांगतात. पेशव्यांच्या घरातल्या बाईलाही हे चुकलं नाही, असं मामी एकदा हसून म्हणाली होती. गावात डोहाळजेवण असलं की ती सकाळीच जायची, सगळ्या बायकांच्या आधी, आणि थेट चुलीपाशी बसायची. पुरणपोळ्या लाटायला तिच्यासारखा हात नव्हता. ओटी भरायची वेळ झाली की तिला कुठला तरी डबा भरायचा असायचा. तिला कोणी 'येऊ नको' म्हणालं नाही. तिनं ती वेळच येऊ दिली नाही. आणि मामाची? एक साधी वीर्याची तपासणी, डबीत नमुना देण्यापुरती, मामाची एकदाही झाली नाही. तीन भूल, तीन क्युरेटिंग एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक डबी. कुठल्या डॉक्टरनं सुचवलंच नाही, की सुचवलं आणि मामा उठून आला, हे आता सांगणारं कोणी नाही.

यातली एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली आहे आणि तीच त्या रात्री झोपू देईना. १९९२ साल, मी चौदा वर्षांचा. फेब्रुवारीत रविवारला जोडून सुट्टी आली म्हणून मामाकडे गेलो होतो. माल उतरवायचे दिवस होते, मांडवाखाली क्रेट रचलेले, कागदाचा आणि द्राक्षांचा मिळून एक हिरवट गोड वास. व्यापारी बाग बघायला आला होता. घड उचलून, मणी दाबून, एक तोंडात टाकून तो म्हणाला, "माल एक नंबर आहे शेठ. बागही सीडलेस आणि मालकही सीडलेस." मजूर हसले. मामा हसला. मामी चहाचा ट्रे घेऊन दोन पावलांवर उभी होती, तिनं ट्रे व्यापाऱ्यापुढे धरला.

मीही हसलो होतो.

अर्थ पुरता कळला नव्हता, पण मोठे हसले की हसायचं एवढं कळत होतं. आता वाटतं, मामा का हसला असेल? व्यवहार मोडू नये म्हणून? की त्याला ठाऊक होतं आणि हसणं हा एकच मार्ग उरला होता? सीडलेस द्राक्षाबद्दल मामानंच मला शिकवलं होतं. थॉमसनच्या मण्यात बी धरतं, पण पुढे वाढत नाही, आतल्या आत जिरून जातं. बी नाही म्हणून मणी फुगत नाही, म्हणून घड न् घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात बुडवून काढावा लागतो. तो मला हे सांगताना घड तळहातावर असा धरायचा की जणू तान्हं मूल. (ही उपमा मला आत्ता लिहिताना सुचली. तेव्हा तो फक्त घड धरत होता.) त्याच १९९२ साली ब्रसेल्समधल्या डॉक्टरांनी एकच शुक्रजंतू सुईनं थेट बीजांडात सोडून गर्भ राहिल्याचं जगाला सांगितलं. ज्यांच्याकडे मोजकंच बीज उरलंय अशा पुरुषांसाठी ते दार तेव्हा उघडलं. मामा सदतीस वर्षांचा होता. निफाडपर्यंत ते दार यायला बरीच वर्षं जायची होती आणि आलं असतं तरी ते ठोठवायला आधी 'मला तपासा' म्हणावं लागलं असतं.

मामाच्या साठीनंतर हर्नियाचं ऑपरेशन निघालं. मी त्याला नाशिकला घेऊन गेलो. सोनोग्राफी करणारे डॉक्टर पडद्याकडे बघत सहज म्हणाले, "दोन्हीकडे बरेच लहान झालेत. तरुणपणी गालगुंड झालं होतं का?" मामा छताकडे बघत "हो" म्हणाला. एवढंच. हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारला होता आणि उत्तर द्यायला त्याला क्षणभरही लागला नाही. परत जाताना द्वारकेच्या चौकात आम्ही नेहमीसारखे अडकलो. मामा मागच्या सीटवर डोळे मिटून होता, झोपला होता की नाही देव जाणे. पुढे माझ्या शेजारी बसलेली मामी काचेबाहेर बघत म्हणाली, "मला ठाऊक होतं. सासूबाईंनी सांगितलं होतं, तिसऱ्या वर्षी." मी गिअर बदलायचा विसरलो. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९८२. म्हणजे गड, त्र्यंबक, तिसरं क्युरेटिंग, सगळं त्यानंतरचं. मी विचारलं, "मग एवढं सगळं कशाला केलं, मामी?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून चौदाच वर्षांचा आहे. "मी नाही म्हटलं असतं तर लोकांनी का नाही असं विचारलं असतं. मग यांच्यावर आलं असतं." पुढे ओझरला तिनं गाडी थांबवायला लावून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, घासाघीस करून.

हे प्रेम म्हणायचं की जुलूम, मला अजून ठरवता आलेलं नाही. मामाला ती जे करत होती ते माहीत होतं आणि त्यानं करू दिलं, हे मनात आलं की त्याचा राग येतो. मग ओसरीत फडकं बांधून पडलेला एकोणीस वर्षांचा पोरगा दिसतो. दुखतंय कुठं हे त्याला कोणालाच सांगता येत नाही. आजीनं विचारलं नसेल, तिनं चालण्यावरून ओळखलं असेल. २४०० वर्षांपूर्वी ग्रीसच्या थासोस बेटावरच्या साथीत वैद्य हिपोक्रेटिसनं लिहून ठेवलंय की तरुणांच्या कानांजवळ सूज आली आणि मग काहींचे अंडकोष दुखू लागले. म्हणजे कोणीतरी कोणाला तरी तेव्हा विचारलं होतं, आणि त्या पोरांनी सांगितलंही होतं.

लसीचंही असंच. १९६३ साली अमेरिकेत मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाला त्याच्या पाच वर्षांच्या मुलीनं रात्री उठवून घसा दुखतोय म्हणून सांगितलं. त्यानं तिच्या घशातला नमुना घेतला, आणि त्यातल्या विषाणूपासून बनलेली लस १९६७ मध्ये बाजारात आली. अजूनही त्या वाणाला त्या मुलीचं नाव आहे. मामा आजारी पडला तेव्हा ही लस सात वर्षांची झाली होती. आणि आमचा भाचा? ताई म्हणाली, "अरे, त्याची लस झालीये ना! शाळेत दिली होती, २०१८ ला." मी तिला लसीचं कार्ड काढायला लावलं. शाळेत दिलेली लस एमआर, गोवर आणि रुबेलाची. गालगुंडाची लस येते ती एमएमआरमध्ये, आणि सरकारी वेळापत्रकात ती नाही. बालरोगतज्ज्ञ ती घ्यायला सांगतात. ताईनं तेव्हा "दोन्ही एकच" समजून सोडून दिली. एका अक्षराचा फरक. ती बराच वेळ कार्ड हातात धरून बसली. तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता, माझ्या मुलीचं कार्डसुद्धा मी घरी जाऊन मगच पाहिलं.

सातव्या दिवशी पहाटे साडेपाचला मोबाइल वाजला. भाच्याचा मेसेज. "मामा ते खाली विचारलं होतंस ना. उजवीकडे दुखतंय. आईला नको सांगू." मी कानटोपी घालून तसाच निघालो. रस्त्यावर धुकं, पेपर टाकणारी पोरं. वाटेत डोक्यात वेगळीच भीती, कारण त्या वयात एका बाजूला अचानक दुखायला लागलं तर तो अंडकोषाला पडलेला पीळही असू शकतो. त्यात काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर अंडकोष गमवावा लागतो, लाजत बसायला वेळ नसतो. दवाखान्यात डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पीळ नव्हता. गालगुंडाचीच सूज होती, एका बाजूला, दुसरी बाजू स्वच्छ. डॉक्टर तरुण होते. खुर्ची त्याच्याकडे वळवून, माझ्याकडे न बघता, त्यालाच सगळं समजावून सांगितलं. अंडकोष हा शब्द त्यांनी चारपाचदा वापरला, गुडघा म्हणावं तितक्या सहज. ही बाजू पुढे थोडी लहान होईल कदाचित, तब्येतीला फरक पडणार नाही, मूल होण्यात अडचण यायची शक्यता कमी आहे, मोठा झाल्यावर शंका वाटली तर एक तपासणी करून घे. भाच्यानं विचारलं, "तपासणी म्हणजे?" त्यांनी तेही सांगितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

परत येताना तो मागे बसून म्हणाला, "निफाडच्या आजोबांना झालं होतं ना हे? आई बदकाची गोष्ट सांगते." त्याची आजी, म्हणजे माझी आई, सांगायची ती गोष्ट आता त्याची आई सांगते. मी म्हटलं, "झालं होतं." "मग त्यांनी टेस्ट नाही केली?" "नाही." "का?" लेखानगरच्या आसपास होतो, ट्रक जात होता, मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यानं पुन्हा विचारलं. मग मी गाडी कडेला घेतली आणि व्यापाऱ्याचं आणि माझ्या हसण्याचं सोडून बाकी सगळं सांगितलं.

घरी पोचलो तर ताई दारातच. दार सताड उघडं, समोरच्या काकू जिन्यात दूधवाल्याशी बोलत उभ्या. "कुठं गेला होतात दोघं? काय झालं? बोला ना," तिचा आवाज कापत होता. मी नेहमीच्या सवयीनं "काही नाही, जरा खाली..." एवढं म्हणालो, आणि भाचा पायातल्या चपला काढत, सुजलेल्या गालांनी जमेल तितक्या मोठ्यानं म्हणाला, "आई, उजव्या अंडकोषाला सूज आहे. डावा ठीक आहे. बर्फ लावायचाय आणि झोपून राहायचंय."

जिन्यातलं बोलणं थांबलं. ताईनं पटकन पुढे होऊन दार लावलं, कडीसुद्धा घातली. मग ती आत गेली, फ्रीज उघडल्याचा आवाज आला, बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. रुमालात बर्फ गुंडाळून ती बाहेर आली आणि माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून म्हणाली, "उजव्या म्हणालास ना?"